भिंतीला ओल आहे आणि तुम्ही म्हणता ‘शेजाऱ्यांचं भांडण’!

“हा शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला वाद आहे, यात जातीचं काही नाही. बसून मिटवून घ्या.” हे वाक्य ठाणे अंमलदार म्हणतो तेव्हा आपल्याला राग येतो. सरपंच म्हणतो तेव्हा आपण काय ते समजून जातो. पण हल्ली हेच वाक्य मी आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकते आहे. “ताई, भिंतीचं आणि मोरीच्या पाण्याचं मॅटर आहे. यात अॅट्रॉसिटी कुठून आणणार? उगाच चळवळ बदनाम होते.” असं म्हणणारा तरुण शिकलेला असतो, बाबासाहेबांचे खंड त्याच्या कपाटात असतात, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचं नियोजन तोच करतो. म्हणून हा लेख मुद्दाम त्याच्यासाठी आहे, आणि थोडा कडक आहे.

आपल्याला मोठा अन्याय लगेच दिसतो. खून झाला, बहिष्कार पडला, पुतळ्याची विटंबना झाली की आपण रस्त्यावर येतो, आणि यायलाच पाहिजे. पण जात रोज खून करत नाही. रोज ती मोरीचं पाणी सोडते, पत्र्याची पन्हळ आपल्या भिंतीकडे वळवते, बोळात शेणाचा ढीग टाकते, बांध एका नांगरटीत वीतभर सरकवते. एकेक गोष्ट इतकी बारीक की तक्रार करणाऱ्यालाच लाज वाटावी. दहा वर्षांनी त्या घराची भिंत बसलेली असते, जागा दोन फुटांनी कमी झालेली असते, आणि हे कुठल्याच आकडेवारीत ‘अत्याचार’ म्हणून मोजलं गेलेलं नसतं.

मी काम करते त्या तालुक्यातली एक वस्ती सांगते. गावाचं नाव देत नाही, ती माणसं तिथेच राहतात आणि मी संध्याकाळी एसटीने परत येते. बौद्धवस्तीचं शेवटचं घर आणि गावातलं पहिलं घर यांच्यात हातभर रुंदीचा बोळ आहे. पलीकडच्याने आधी मुरूम टाकून आपली जागा दीड फूट उचलली. मग न्हाणीघर बांधलं आणि त्याचा पाइप बोळात सोडला. अलीकडची भिंत भाजक्या विटांची, पण जोडाई मातीची. दोन पावसाळ्यांत तिला लोणा लागला. घरची बाई दर मे महिन्यात आतून गिलावा करून घेते आणि दिवाळीपर्यंत तो पोपडे धरून खाली येतो. येणारच, कारण पाणी बाहेरून मुरतं आहे. गिलावा बाहेरून करायला हवा, त्यासाठी गवंड्याला दोन दिवस पलीकडच्या अंगणात उभं राहावं लागेल, आणि त्याला परवानगी नाही. उत्तर ठरलेलं: “आमच्या तुळशीपुढून तुमची माणसं जाणार नाहीत.”

आता गंमत बघा. पलीकडच्या घराचा स्लॅब, गिलावा आणि ते न्हाणीघरसुद्धा याच वस्तीतल्या गवंड्याने बांधलं. तेव्हा तो महिनाभर त्याच तुळशीपुढून घमेली घेऊन गेला. मजूर म्हणून तो चालतो. शेजारी म्हणून चालत नाही.

इथे कोणी म्हणेल की भिंतीवरून भांडणं सगळीकडेच होतात. होतात. सख्ख्या भावांत बांधावरून कुऱ्हाडी निघतात, आपल्या वस्तीतही दोन बौद्ध कुटुंबं पन्हळीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं बोलत नाहीत. प्रत्येक भांडण जातीचं असतं असं मी म्हणत नाही, आणि तसं म्हणणारा कार्यकर्ता आपलंच नुकसान करतो. पण फरक ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. एकच विचारायचं: या माणसाने हाच पाइप आपल्या जातवाल्याच्या भिंतीवर सोडला असता का? आणि सोडला असता, तर गाव गप्प बसलं असतं का? भाऊकीत भांडण झालं तरी मधे पडणारा मामा असतो, लग्नात समोरासमोर यावं लागतं, मयतीला खांदा द्यावा लागतो. ते नातं भांडणाला लगाम घालतं. आपल्या शेवटच्या घराला आणि गावाच्या पहिल्या घराला जोडणारं असं काही नाही. सोयरीक नाही, पंगत नाही, मसणवटासुद्धा बहुतेक गावांत वेगळा. मधे फक्त भिंत आहे. तिच्या एका बाजूला बोलावून घेण्याची ताकद आहे आणि दुसऱ्या बाजूला विनंती अर्ज.

ही हद्द आखली कुणी? अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात केंद्रस्थानी ठेवला. त्याचं त्यांनी दिलेलं उत्तर कुणाला पटो न पटो, वस्ती कुठे आहे हाच अस्पृश्यतेचा पुरावा आहे, ही त्यांची पद्धत मात्र आपण विसरलो. एखाद्या गावात पावसाळ्यात छत्री घेऊन फिरा. गावाचा उतार कुठे जातो, गटार कुठे संपतं, ते बघा. बऱ्याच गावांत ते आपल्या वस्तीच्या तोंडाशी संपतं. ज्याची जागा खालच्या अंगाला त्याच्या भिंतीला ओल, इतकं साधं हे भूगोलाचं गणित आहे. तो भूगोल निसर्गाने दिलेला नाही.

त्यात विकासाची भर. दलित वस्ती सुधारणेचा निधी आला की पहिलं काम काय? सिमेंटचा रस्ता. जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच नवा थर. असे दोन-तीन थर झाले की रस्ता घराच्या उंबऱ्याच्या वर जातो आणि पहिल्या वळवालाच पाणी आत. बाया पहाटे तीनला उठून थाळ्याने पाणी उपसतात. बिल निघतं, फोटो निघतो, कोनशिलेवर नाव लागतं. मागासवर्गीयांसाठी ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के खर्च करायचे असतात. त्यातून एकदा तरी गटाराचा उतार नीट मोजून दुसऱ्या अंगाला काढलाय का, हे ग्रामसभेत विचारा. आपण विचारतो ते समाजमंदिराच्या रंगाबद्दल.

भिंतीचं प्रकरण किती लांब जाऊ शकतं ते तमिळनाडूने दाखवून दिलं आहे. मदुराई जिल्ह्यातल्या उथपुरम गावात १९८९ मध्ये सवर्णांनी दलित वस्ती आणि आपली घरं यांच्यामध्ये भिंतच उभी केली. पुढे तिच्यावर वीजप्रवाह सोडलेल्या तारा आल्या. आंदोलन उभं राहिलं तेव्हा, मे २००८ मध्ये, प्रशासनाने तिचा थोडा भाग पाडला. एकोणीस वर्षं ती ‘गावातली अंतर्गत बाब’ होती. ही भिंत निदान उघडपणे जातीची होती. दुसरी भिंत तशी दिसतही नव्हती. कोईम्बतूर जिल्ह्यात मेट्टुपाळयमजवळ नडूर इथे एका धनिकाच्या घराला उंच दगडी कंपाउंड होतं आणि त्याला लागून खाली दलितांची घरं. २ डिसेंबर २०१९ च्या पहाटे मुसळधार पावसात ते कंपाउंड त्या घरांवर कोसळलं. सतरा माणसं झोपेत मेली. या भिंतीचा धोका आम्ही आधीपासून सांगत होतो, असं रहिवाशांचं म्हणणं होतं. मालकाला अटक झाली ती निष्काळजीपणाच्या कलमाखाली, आणि अॅट्रॉसिटी लावा म्हणून संघटनांना आंदोलन करावं लागलं. म्हणजे सतरा मृतदेह समोर असतानासुद्धा तो ‘शेजारच्या भिंतीचा अपघात’च होता.

आणि आपलं खैरलांजी? २९ सप्टेंबर २००६ ला सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना ज्या गावाने मारलं, त्या गावाच्या रागाची जुनी मुळं भोतमांगेंच्या शेतातून हव्या असलेल्या रस्त्याच्या वादात होती. एक बौद्ध बाई आपल्या जमिनीची हद्द सोडायला तयार नव्हती. पुढे भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटी कायद्याची कलमं काही टिकली नाहीत. जमिनीचा वाद, सूडाची भावना, बाकी सगळं मान्य. जात तेवढी सापडली नाही. ‘शेजाऱ्यांचं भांडण’ हा शब्द किती महाग पडतो, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असायला हवं?

आता कायद्याकडे येऊ, कारण आपण सगळ्यात जास्त चुकतो ते इथे. शेजाऱ्याशी भांडण झालं, तो जातीवरून बोलला, की आपण ठाण्यात जातो आणि एकच मागणी करतो: शिवीगाळीचं कलम लावा. म्हणजे ३(१)(आर) आणि ३(१)(एस). या दोन्ही कलमांत अट आहे की अपमान किंवा शिवी लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी व्हायला हवी. शेजारी तर बोळात, परसात, दाराआड बोलतो. साक्षीदार कोण? त्याचेच भाऊ.

सर्वोच्च न्यायालयाचा ५ नोव्हेंबर २०२० चा हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड राज्य हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने वाचला पाहिजे. फिर्यादी बाई आपल्या जागेवर घर बांधत होती. फिर्याद अशी की आरोपी तिच्या बांधकामाच्या चार भिंतींच्या आत घुसले, जातीवरून शिव्या दिल्या, सिमेंट, सळया, विटा उचलून नेल्या. न्यायालय म्हणालं, चार भिंतींच्या आत झालेलं लोकांच्या नजरेसमोर झालं असं होत नाही. शिवाय हा मालमत्तेचा वाद आहे, आणि केवळ समोरची व्यक्ती अनुसूचित जातीची आहे म्हणून अशा वादाला अॅट्रॉसिटी लागत नाही. ते कलम रद्द झालं, बाकीचा खटला चालू राहिला. ज्या चार भिंती उभ्या राहू नयेत म्हणून विटा उचलल्याचा आरोप होता, त्याच चार भिंती आरोपींच्या कामी आल्या. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, रामावतार खटल्यातही मूळ वाद घराशेजारच्या मोकळ्या जागेचाच. तिथे खालच्या कोर्टात शिक्षा झालेली असताना दोन्ही बाजूंची तडजोड मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. फिर्यादीने तडजोड कुठल्याही दबावाशिवाय केली, असं निकालात आहे. एकाच गावात, भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाची तडजोड दबावाशिवाय कशी असते, हे माझं समाजशास्त्र मला शिकवू शकलेलं नाही.

या निकालांवर टीका करू, जरूर करू. पण टीका करून घरी जायचं नसेल तर कायदा पूर्ण वाचा. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यात ३(१)(बी) आहे: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाच्या आवारात किंवा दारात मैला, सांडपाणी, मेलेलं जनावर किंवा तशीच घाण टाकणं. ३(१)(सी) आहे: त्रास देण्याच्या, अपमान करण्याच्या हेतूने शेजारात अशी घाण टाकणं. आणि ३(१)(जी) आहे: जमिनीवरच्या, घराच्या किंवा पाण्याच्या हक्काच्या उपभोगात अडथळा आणणं, त्यातून हुसकावणं. यातल्या एकाही कलमात ‘लोकांच्या नजरेसमोर’ ही अट नाही. शिवी सिद्ध करायला साक्षीदार लागतो, पाइप तर जागेवरच आहे. त्याचा फोटो काढा, पंचनामा मागा. आणि कलम ८(सी) बघा. आरोपी फिर्यादीला किंवा त्याच्या कुटुंबाला वैयक्तिकरीत्या ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं. नव्हती हे त्याने सिद्ध करायचं. शेजाऱ्याइतकं ओळखणारा दुसरा कोण असतो? शेजार हा आपल्या खटल्याचा कच्चा दुवा नाही. नीट लिहिलं तर तोच बळकट दुवा आहे.

पण ‘जी’ कलमाला पाया लागतो तो कागदाचा. जागा माझी, हद्द इथपर्यंत, हे सांगता आलं पाहिजे. आपल्या वस्तीत जागेचा कागद विचारला की ट्रंकेतून काय निघतं? घरपट्टीची पावती, फार तर नमुना ८ चा उतारा. तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही. समोरचा वकील पहिल्याच तारखेला ‘मालकी विवादित’ म्हणतो आणि प्रकरण दिवाणी होऊन बसतं. दिवाणीत काय होतं ते वेगळं सांगायला नको.

म्हणून स्वामित्व योजना आपल्यासाठी ड्रोनची जत्रा नाही. २४ एप्रिल २०२० ला ती जाहीर झाली; गावठाणातल्या प्रत्येक घराचा नकाशा आणि मिळकत पत्रिका हा तिचा हेतू. ड्रोन उडण्याआधी प्रत्येकाच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात. ड्रोन तीच रेघ टिपतो. आता सांगा, त्या दिवशी आपली माणसं कुठे असतात? ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्याच्या बांधकामावर. घरी म्हातारी असते. चुन्याची पाटी कुणाच्या हातात असते, हे तुम्हाला माहीत आहे. बोळ हातभर होता तो नकाशात पलीकडच्याचा होतो, आपली बाहेरची भिंत त्याच्या जागेत जाते, आणि सनदेवर सरकारी शिक्का बसतो. काल अतिक्रमण होतं ते उद्या मालकी होतं. ज्या वस्त्या गावठाणाबाहेर, गायरानावर आहेत त्यांची अडचण आणखी मोठी. त्यावर स्वतंत्र लिहीन. हरकत घ्यायला मुदत असते, पण ती नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते आणि आपला माणूस फळा वाचायला जात नाही. याच ३(१)(जी) कलमाच्या स्पष्टीकरणात जमिनीचे खोटे अभिलेख तयार करणं हेही ‘बेकायदा’ धरलेलं आहे, हे त्या दिवशी ग्रामसेवकाला ऐकवायला हरकत नाही.

गप्प बसण्याचीही किंमत कायद्यात लिहिलेली आहे. १८८२ चा सुखाधिकार कायदा इंग्रजांचा, अजून चालतो. त्याच्या कलम १५ प्रमाणे एखादा उपभोग हक्क म्हणून, शांततेने, उघडपणे, खंड न पडता वीस वर्षं चालला तर तो पक्का हक्क होतो. शेजाऱ्याच्या पागोळ्या आपल्या जागेत वीस वर्षं पडत राहिल्या आणि आपण ‘कशाला वाकडं घ्या’ म्हणून बोललो नाही, तर उद्या आपणच त्याच्या हक्कात अडथळा आणणारे ठरू शकतो. लेखी हरकत म्हणूनच घ्यायची. उत्तर येवो न येवो, पोच घेऊन ठेवायची.

तंटामुक्तीबद्दल दोन शब्द. २००७ मध्ये मोहीम आली, गावाला बक्षिसाची रक्कम मिळू लागली, आणि फिर्याद देणारा माणूस गावाच्या बक्षिसाच्या आड येणारा झाला. समितीच्या बैठकीत आपला एखादा प्रतिनिधी असतो. बहुतेकदा त्याला सतरंजीच्या टोकाला बसवलेलं असतं. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात: “आमच्यात गैरसमजातून वाद झाला होता, आता काही तक्रार नाही.” पाइप मात्र तिथेच. आणि नाही ऐकलं तर क्रॉस केस तयार. घरात घुसून मंगळसूत्र ओढल्याची, बाईचा हात धरल्याची. या भीतीने आपली अर्धी माणसं मागे फिरतात. त्यांना भित्रे म्हणू नका. रमाई आवासचं घरकुल जोत्यापर्यंत आलेलं असतं. शेजाऱ्याने हद्दीची तक्रार टाकली की काम थांबतं, काम थांबलं की पुढचा हप्ता थांबतो, उघड्या जोत्यावर पावसाळा जातो. सही कुणाच्या भीतीने झाली हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मग करायचं काय? फिर्याद आली की आधी भिंत बघायला जा, ठाण्यात नंतर. दोन्ही बाजूंचे फोटो, तारखेसकट. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकून ‘क’ प्रत काढा. पलीकडची भिंत झुकलेली असेल तर पडायची वाट बघू नका. शेजाऱ्यांच्या जिवाला धोका असलेलं बांधकाम पाडायला किंवा दुरुस्त करायला लावण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला आहे, जुन्या सीआरपीसीत कलम १३३ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १५२ आहे. प्रांतांकडे किंवा तहसीलदारांकडे त्याचा अर्ज एका पानात होतो. फिर्याद लिहिताना शिवी शेवटी, पाइप, घाण आणि हद्द आधी. गुन्हा नोंदवायच्या आधी चौकशी करावी लागते असं ठाण्यात सांगितलं तर कलम १८अ दाखवा, तशी प्राथमिक चौकशी लागत नाही. तपास डीवायएसपीने करायचा असतो, हवालदाराने बोळात येऊन ‘दोघांनी समजून घ्या’ म्हणायचं नसतं.

आणि शहरातल्या फ्लॅटवाल्या आपल्या भावाबहिणींनो, तुम्ही यातून सुटलात असं समजू नका. वरच्या मजल्याचं बाथरूम तुमच्या छतातून गळतं, तुम्ही सोसायटीला तीन पत्रं देता आणि सेक्रेटरी म्हणतो, “तुमच्या घरात माणसंच फार येतात, पाणी जास्त वापरलं जातं.” छत तुमचं, गळती वरच्याची, आणि दोष तुमच्या पाहुण्यांचा. बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत नेऊन ही गळती थांबत नाही. कित्येकांनी नेऊन बघितला आहे.

मोर्चाला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. मोजणीच्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरायला मला आतापर्यंत चार ठिकाणी वस्तीतली शाळकरी पोरं उभी करावी लागली आहेत. पावसाळ्याआधी आमच्या तालुक्यात आणखी तीन वस्त्यांची मोजणी आहे. दोन दिवस सुट्टी काढता येईल त्यांनी कळवावं. सोबत टेप, वही आणि चुना आणा. चुना आपलाच हवा.